साखर वाढली म्हणून आणलेली गजक

बायकोची साखर तीनशेच्या वर गेली त्या दिवशी मी आनंदाने अर्धा किलो तिळगुळाची गजक घेऊन घरी आलो, ही गोष्ट ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बहुतेक मराठी घरांना आता ठाऊक आहे. ती मी पसरवलेली नाही. बायकोने हळदीकुंकवाला सांगितली, आणि हळदीकुंकवाला सांगितलेली गोष्ट गोरखीपासून शिंदे की छावनीपर्यंत पोहोचायला एक संध्याकाळ पुरते. भाजी घेताना एखादी काकू मला थांबवून विचारते, "काय सर, आज गजक नाही?" मी हसतो. हसण्यासारखीच गोष्ट आहे. फक्त ती तशी व्हायला बराच काळ जावा लागला, आणि त्या काळात आमच्या घरी हसणं फार नव्हतं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. त्यात माझा आवडता धडा एकच, पेशी ऐकते कशी. पेशीला बाहेरून सारखे निरोप येत असतात: वाढ, थांब, साखर आत घे, आता मर. ते निरोप आत कसे पोहोचतात याच्या साखळ्या आहेत, आणि त्या साखळ्यांमधल्या रेणूंची नावं फळ्यावर लिहायला लागलं की मुलांचे डोळे मिटायला लागत. म्हणून मी छावणी सांगायचो. ग्वाल्हेरच्या मुलाला छावणी समजावावी लागत नाही.

इन्सुलिन हा निरोप्या. तो दरवाजापर्यंतच येतो, आत पाऊल टाकत नाही. दरवाजावरचा पहारेकरी निरोप ऐकतो आणि मागच्या जमादाराला सांगतो, जमादार पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. असं तोंडोतोंडी जात हुकूम कोठारापर्यंत पोहोचतो, कोठार उघडतं, रक्तातली साखर आत येते. त्याच हुकमाची दुसरी फांदी बांधकामाकडे जाते: रसद आली, आता राहुट्या वाढवा. मधुमेह म्हणजे पहारेकऱ्याला कमी ऐकू येणं. बाहेर निरोपे गर्दी करतात, आत हुकूम पोहोचत नाही. आणि कॅन्सरचा एक प्रकार म्हणजे मधल्या जमादाराचं डोकं फिरणं. दरवाजावर कोणी आलेलं नाही, निरोप नाही, तरी हा आपला ओरडतोय, वाढवा, वाढवा.

मुलांना हे फार आवडे. एकाने पेपरात इन्सुलिनला घोड्यावर बसवलं होतं. मी त्याला मार्क दिले.

बायकोला मात्र हा धडा कधीच आवडला नाही. ती शिंदे की छावनीतली. तिचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आले, भाला घेऊन. आमचे त्याच फौजेच्या मागून आले, दप्तरं घेऊन. आमचं लग्न पचवायला दोन्ही घरांना वेळ लागला, आणि टोमणे मारायला आम्हाला जन्मभराचा विषय मिळाला.

"वेडा जमादारच का?" ती विचारायची. "वेडा कारकून का नाही?"

"कारकून ओरडत नाहीत."

"म्हणूनच ते वेडे झालेले कळत नाहीत."

ती गणित शिकवायची. उत्तरापेक्षा पायऱ्या बघायची तिला सवय. तिची साखर कितीतरी वर्षं काठावर होती. तिच्या आईची होती, मावशीची होती. तेव्हा आम्ही त्याची फार काळजी केली नाही. सकाळी गोरखीला दोन फेऱ्या, चहात साखर नाही, सणाला तुकडाभर गोड, एवढ्यावर भागत होतं. मग स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि काही वर्षं शांत गेली. त्या वर्षांत मी गाठीबद्दल बोलताना भूतकाळ वापरायला लागलो होतो. मग तिची पाठ दुखायला लागली. थंडीने असेल, झोपण्याने असेल असं म्हणत आम्ही शेक घेत राहिलो, आणि शेवटी फोटोत दिसलं की ते हाडात आलंय.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आला म्हणून बोलावलं. त्या हिंदीत सांगायला लागल्या की गाठीतला एक जीन बदललेला आहे, त्यामुळे पेशीच्या आतला एक सिग्नल कायम चालू राहतोय, आणि नेमका तोच सिग्नल दाबणारी एक गोळी आहे. महिन्याच्या इंजेक्शनबरोबर ती रोज घ्यायची.

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. हा तर माझा जमादार होता. इतकी वर्षं फळ्यावर काढलेला, मुलांना सांगितलेला, आणि आता तो माझ्या बायकोच्या मणक्यात बसलेला निघाला. माणसाला अशा वेळी काय वाटायला हवं ते मला माहीत आहे. मला काय वाटलं तेही सांगतो: ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी साखळीतल्या रेणूंची नावं ओळीने म्हणून दाखवली.

"सर, आप तो पढ़ाते रहे हैं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"जी," मी म्हणालो, आणि औषधाच्या बिलाच्या पाठीवर बाण काढायला घेतले.

माझे बाण चालले असताना त्या बायकोकडे वळून बोलत होत्या. या गोळीने साखर वाढते, रोज तपासायची, अमुक एका आकड्याच्या वर गेली तर त्याच दिवशी फोन करायचा, गोड पूर्ण बंद, भात-बटाटा अगदी कमी. त्यांनी सगळं नीट सांगितलं, दोनदा सांगितलं. बायको ऐकायचा प्रयत्न करत होती, पण तिच्या दुसऱ्या कानात मी होतो.

परत येताना ऑटोत ती म्हणाली, "अहो, त्या आकड्याचं काय म्हणाल्या?"

"ते घरी सांगतो. आधी हे बघ. हा बाण इथे येतो."

"गोड बंद म्हणाल्या ना?"

"ते असं सगळ्यांनाच सांगतात गं. इथे बघ तू."

घरी मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे गोळी कशी चालते ते सगळं. ती कशी घ्यायची ते राहिलं.

आता हे वाचताना कोणाला वाटेल की हा माणूस मूर्ख आहे. आहेच. पण त्या दिवसांत मला काय हवं होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा मूर्खपणाही नीट कळणार नाही. या आजारात रोज काही कळत नाही. ताप असेल तर हात लावून कळतो, जखम असेल तर भरताना दिसते. हाडातलं आतल्या आत चाललेलं असतं, आणि फोटो काही महिन्यांनी. मधले सगळे दिवस नुसते जगायचे. ती स्वयंपाक करताना कट्ट्याला टेकून उभी राही, आणि हे टेकणं कालच्यापेक्षा जास्त आहे का कमी, हे मी दारातून बघत राही. मला खूण हवी होती. कसलीही. रोजची.

आणि खूण मिळाली. संक्रांतीच्या जरा आधी गोळी सुरू झाली. बोटाला टोचून साखर बघायचं छोटं यंत्र घरात होतंच. टोचायचं काम माझं, बोट तिचं. आकडा चढायला लागला.

"किती?"

"एकशे नव्वद."

"वाढली."

"अगं, वाढायलाच हवी."

मग मी तिला समजावलं. गोळी वेड्या जमादाराच्या तोंडावर हात ठेवते. पण तो जमादार फक्त गाठीत नाही, प्रत्येक छावणीत आहे. यकृतात आहे, स्नायूंत आहे. तिथले शहाणे असले तरी गोळीला काय माहीत कोण शहाणा, कोण वेडा. ती सगळ्यांचीच तोंडं दाबते. मग कोठारं उघडत नाहीत आणि साखर रक्तात राहते. म्हणजे साखर वाढली याचा अर्थ गोळी जागेवर पोहोचली. इथपर्यंत एकही चूक नाही. चूक नसलेल्या पायऱ्या उतरत मी सरळ खड्ड्यात गेलो.

"म्हणजे लागू पडतेय?" तिने विचारलं.

"दुसरं काय?"

तिने बोट दाबून धरलेला कापूस बाजूला ठेवला आणि यंत्र स्वतःच्या हातात घेऊन आकडा पुन्हा पाहिला. गणिताच्या बाईंनी त्या दिवशी पायऱ्या तपासल्या नाहीत. पाठ दुखायला लागल्यापासून तिचा चेहरा इतका सैल झालेला मी पाहिला नव्हता.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही आकडा वाढण्याची वाट बघायला लागलो. दोनशे वीस, दोनशे साठ. एके दिवशी जरा उतरला तर मी दुसऱ्या बोटाला टोचून पाहिलं. तीनशे ओलांडले तेव्हा मी मफलर गुंडाळून खाली उतरलो. आम्ही खासगी बाजार नावाच्या पेठेत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतो. थंडीच्या दिवसांत खाली मुरैन्याच्या गजकेचे ढीग लागलेले असतात. अर्धा किलो घेतली, गुळाची, खुसखुशीत. तिने एक वडी उचलली, मोडली, अर्धी मला दिली. साजरं करण्यासारखं घरात फार दिवसांनी आलं होतं.

आणि दिवस कोणते, तर संक्रांत ते रथसप्तमी. या दिवसांत आमच्याकडच्या बायका रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी हळदीकुंकवाला जातात, आणि हातावर ठेवलेला तिळगूळ परत करायचा नसतो. दरवर्षी ती कणभर मोडून तोंडात टाकायची आणि बाकीचा रुमालात बांधून आणायची. तो मी खायचो. यंदा रुमाल रिकामा यायला लागला. तिच्या वहिनीने, म्हणजे छावनीतल्या थोरल्या भावाच्या बायकोने, गुळाची पोळी वाढली, वर तूप. बायकोने ती पूर्ण खाल्ली.

"वन्सं, साखर?" वहिनी म्हणाल्या.

"यंदा वाढायलाच हवी. हे म्हणतात."

"जावईबुवा म्हणतात म्हणजे असेलच," वहिनी म्हणाल्या आणि दुसरी वाढली.

तिला तहान लागायला लागली. माघातली थंडी, सकाळी धुक्यात समोरचं दुकान दिसत नव्हतं, आणि ती तांब्या भरून गार पाणी प्यायची. मी तिला शाल पांघरायचो आणि पाणी आणून द्यायचो. वजन उतरलं, मी म्हणालो जेवण कमी झालंय. पाय ओढत चालायला लागली, मी म्हणालो इंजेक्शनचं असेल. मधुमेहाची ही लक्षणं मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिली होती की घरात ती फळ्याशिवाय दिसली तर ओळखू आली नाहीत.

रथसप्तमीच्या सकाळी तिने गच्चीत सूर्याचा रथ काढला आणि बोळक्यात दूध उकळत ठेवलं. ते उतू जायची वाट बघत ती कठड्याला टेकून खाली बसली. मी जवळ गेलो तर तिच्या श्वासाला गोडसर, नासल्या फळासारखा वास येत होता.

"घरात पेरू पिकलेत वाटतं," मी म्हणालो.

तिला उलटी झाली. तोंड पुसून तिने मला फोन मागितला. मला वाटलं वहिनींना लावतेय. तिने डॉक्टरीणबाईंना लावला.

"मैडम, उल्टी हो रही है. साँस फूल रही है. मुँह से कुछ अजीब सी बास आ रही है." मग ऐकलं. "जी, तीन सौ के ऊपर. काफ़ी दिन से." पुन्हा ऐकलं. "नहीं मैडम, फ़ोन नहीं किया. सर ने कहा बढ़ने दो."

पलीकडून लगेच हॉस्पिटलात या म्हणाल्या असाव्यात. तिने फोन ठेवला.

"ऑटो बोलवा," ती म्हणाली.

मागे दूध उतू गेलं. कुठल्या दिशेला गेलं ते त्या वर्षी कोणी पाहिलं नाही.

हॉस्पिटलात तिला लगेच आत घेतलं. सलाईन लागली, इन्सुलिन लागलं. रक्तात आम्ल साठलं होतं. पेशींना साखर मिळेना म्हणून शरीराने चरबी जाळायला घेतली होती, आणि तो पेरूचा वास त्याचा होता. हा प्रश्न मी परीक्षेला घालायचो.

ती जरा स्थिर झाल्यावर डॉक्टरीणबाई मला बाहेर बोलायला घेऊन गेल्या. मी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यांनी हात वर केला.

"सर, आज मैं बोलूँगी. आपने जो बताया वो ग़लत नहीं था. आधा था. शुगर बढ़ी, ठीक. शुगर बढ़ी तो शरीर क्या करेगा?"

मी विद्यार्थ्यासारखा म्हणालो, "इंसुलिन और बढ़ाएगा."

"और वो इंसुलिन जाएगा कहाँ? सिर्फ़ लिवर में? ट्यूमर के पास कान नहीं हैं?"

मला बिलामागचे बाण आठवले.

"हम अंदर एक का मुँह दबाए बैठे हैं, और आप रोज़ दरवाज़े पर ढोल बजवा रहे थे," त्या म्हणाल्या. "इतना ढोल बजेगा तो दबा हुआ भी चिल्ला देगा."

माझ्या बिलामागच्या चित्रात सगळे बाण खाली जाणारे होते. वर वळून परत दरवाजाशी येणारा बाण मी काढलाच नव्हता. म्हणजे त्या काळात आम्ही जी खूण म्हणून साजरी करत होतो, तिनेच आतल्या वेड्याला पुन्हा आवाज मिळाला असेल. मिळाला का? हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. फोटो काढल्यावर कळेल. गोळी त्यांनी बंद केली. साखर ताब्यात आली आणि ताब्यात राहिली, तर कमी डोसने पुन्हा सुरू करू. नाही राहिली, तर नाही.

"और इसके बाद क्या है?" मी विचारलं.

"है," त्या म्हणाल्या. "पर उससे इतनी उम्मीद मत रखिए."

मी आत गेलो. बायको डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपलीय. मी स्टुलावर बसल्यावर ती म्हणाली, "चिन्ह चुकलं तुमचं."

"काय?"

"पायऱ्या बरोबर होत्या. चिन्ह चुकलं. अधिकला उणे धरलंत." मग डोळे उघडून म्हणाली, "माझंही. मी तपासायला हवं होतं. मला ते उत्तर हवं होतं, म्हणून तपासलं नाही."

मी तिला सांगू शकलो असतो की तिचा त्यात काही दोष नाही. सांगितलं नाही. तिला जवळ कोणीतरी बरोबरीचं हवं होतं, माफी मागणारं नाही. मी तिच्या हाताजवळ हात ठेवून बसलो.

मुलगी हैदराबादेत असते. तिचा फोन आला. आधी ती आईशी मराठीत बोलली, मग मला म्हणाली, "बाबा, मतलब, गजक? सीरियसली? तुम्ही गजक आणली? ये कोई बात हुई?" आणि मग पलीकडे रडायला लागली. तिला मी छावणी सांगायचा प्रयत्न केला नाही.

घरी आल्यावर स्वयंपाक माझ्याकडे आला. साखर ताब्यात ठेवायची तर भात नाही, पोळी अर्धी, बटाटा नाही, गूळ नाही. डाळी, अंडी, पनीर, मांस, पालेभाजी. मांस हा शब्द डॉक्टरीणबाईंनी सहज म्हटला. आमच्या घरात तो सहज नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिने मटण सोडलं. माझ्या आईने सांगितलं नव्हतं. फक्त स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं होतं. आई जाऊन किती वर्षं झाली, पण ते पाहणं घरात राहिलं होतं. बायको माहेरी जाऊन खायची, येऊन अंघोळ करायची, आणि मी कधी विचारायचो नाही. एवढीच आमची उदारता.

तेव्हा मी पिशवी घेऊन छावनीत मटण आणायला गेलो. खाटकाने विचारलं, कुठलं हवं. मी म्हणालो, "ताज़ा." तो म्हणाला, "बासी तो रखते ही नहीं, बाबूजी. कौन सा हिस्सा?" मला बकऱ्याचं सगळं शरीरशास्त्र येतं, स्वयंपाकात लागणारा एकही भाग येत नव्हता. मी जे घेतलं त्यात बहुतेक हाडंच निघाली. ती मी कुकरला लावली, गोडा मसाला घातला, आणि सवयीने वर गुळाचा खडा. खडा पडताक्षणी कळलं. चमच्याने शोधत बसलो, तोवर तो विरघळला होता.

बायकोने वास घेतला. "हे काय आहे?"

"मटण."

"ही आमटी आहे. त्यात बकरा बुडालाय."

वहिनींना बोलावलं. त्यांनी पातेलं बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पदर खोचला. आईच्या ओट्यावर उभ्या राहून त्यांनी कांदा भाजला, सुकं खोबरं भाजलं. वास जिन्याने खाली खासगी बाजारात गेला. मी खिडकी लावायला निघालो.

"राहू द्या उघडी," बायको म्हणाली.

ती जेवली. बोटांनी, एकेक हाड चोखत, माहेरी जेवावी तशी. तिला असं जेवताना मी एवढ्या संसारात पाहिलं नव्हतं. पुढे वहिनी दर आठवड्याला यायच्या, आणि मी शिकलो. अजूनही माझ्या मटणाला त्या दप्तरातलं मटण म्हणतात.

आकडा उतरायला लागला. तो उतरताना बघणं मला जड गेलं, हे कबूल करायला हवं. रोज सकाळी ती बोट पुढे करायची, आकडा चांगला यायचा, आणि त्याचा अर्थ मला काहीच लावता येत नव्हता. साखर खाली म्हणजे दरवाजावर ढोल नाही, एवढंच. आत कोणी ओरडतंय का, ते तो आकडा सांगत नाही. चुकीचा का होईना, पूर्वी माझ्याकडे रोजचा निरोप होता. आता दरवाजावर कोणी येत नव्हतं.

गोळी पुन्हा सुरू झाली, कमी डोसने, साखर उतरवणाऱ्या दोन गोळ्या सोबत. साखर जराशी चढली की ती स्वतः फोन लावायची, माझ्यासमोर, स्पीकरवर. उन्हाळ्यात फोटो झाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर जुना आणि नवा शेजारी शेजारी लावला, बराच वेळ बघितला.

"थमा हुआ है," त्या म्हणाल्या. "अभी."

मी तो शेवटचा शब्द घरी आणला. बायकोने पहिले तीन आणले. पावसाळ्यानंतरच्या फोटोतही तेच चार शब्द आले. माझ्या ढोलाने काही बिघडवलं होतं का, हे आता कधीच कळणार नाही. गोळी आधीपासून नीट चालली असती तर थांबण्याच्या ऐवजी ते मागे सरकलं असतं का? या प्रश्नाला पायऱ्याच नाहीत. मी तो तिला एकदा विचारला होता. ती म्हणाली, "समीकरण एकच आणि अज्ञात दोन. सोडून द्या." ती सोडू शकते. मी अधूनमधून काढून बघतो.

या संक्रांतीला तिने ठरवलं की हळदीकुंकू आपल्याकडे करायचं. मी म्हणालो, दगदग होईल. ती म्हणाली, होऊ दे. खोली झाडून सतरंज्या घातल्या. आणि तिळगूळ करायचा नाही असं तिने सांगितलं. नुसते तीळ मंद आचेवर भाजले, चिमूटभर मीठ, झालं. भाजायचं काम माझं होतं. पहिला घाणा जळाला.

बायका आल्या. ती खुर्चीवर बसून कुंकू लावत होती, कारण फार वेळ उभं राहता येत नाही. मी आतल्या खोलीत बसलो होतो. पुरुषाने अशा वेळी आत बसायचं असतं, आणि आतून सगळं ऐकू येतं. एकीने हातावरचे तीळ पाहून विचारलं, गूळ? मग बायकोने गोष्ट सुरू केली. गजकेचं, पेरूचं, "सर ने कहा बढ़ने दो"चं. माझा आवाज तिने फार हुबेहूब काढला. बाहेर हसणं फुटलं, वहिनींचं सगळ्यात मोठं. मग एक म्हातारी काकू हसता हसता थांबली आणि म्हणाली, "पण बाई, आता कसं आहे?"

मी आत ताठ बसलो. मला उत्तर माहीत होतं. म्हणजे साखळी माहीत होती, बाण माहीत होते, आणि रथसप्तमीनंतर फोटोची वेळ घेतलेली आहे हे माहीत होतं.

"आता आहे ते असं आहे," बायको म्हणाली. "घ्या, तीळ घ्या."

सगळ्या गेल्यावर मी सतरंज्या गुंडाळल्या. ती खुर्चीतच बसली होती, पाय स्टुलावर. तिने बोट पुढे केलं. मी टोचलं, थेंब लावला, आकडा आला. चांगला होता.

"किती?"

मी यंत्र तिच्या हातात दिलं. तिने बघितलं, मान डोलावली आणि खाली ठेवलं. मी कापूस धरून उभा होतो.

"बोला की काहीतरी," ती म्हणाली. "आज एकही बाण नाही?"

"नाही."

तिने वाटीतले उरलेले तीळ माझ्या हातावर ओतले. त्यात जळालेलेही होते. मी खाल्ले.